सूर्य होता की मावळला होता

पौषातल्या संध्याकाळी, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दिशेने वळण्याच्या वेळेला, नांदेडच्या हवेत एक वास भरून राहत असे. सरकीचा कोमट तेलकटपणा, बैलांच्या घामाचा उग्र दर्प, गोदावरीवरून येणारा ओलसर गारवा, आणि या सगळ्यांवर पसरलेली, मावळतीच्या उजेडात केशरी होऊन तरंगणारी धूळ. त्या धुळीत कापसाचे तंतू इतके अलगद फिरत की कुणीतरी आकाशच पिंजायला घेतले आहे असे क्षणभर वाटावे. असा एखादा वास आला की माणसे व्याकुळ वगैरे होतात असे ऐकतो. मला मात्र चीड येते. इतकी वर्षे झाली, रियासत गेली, गल्लीतली माणसे पांगली, माझ्या डोक्यावरचे केस त्या कापसाशी स्पर्धा करू लागले, तरी ती चीड जशीच्या तशी आहे. घरात तिची थट्टाही होते. दिवेलागणीला धाकटी लेक मुद्दाम विचारते, "बाबा, सूर्य आहे का मावळला?" आणि अर्धे आयुष्य मुलांना हिशेब शिकवण्यात घालवलेला मी पश्चिमेकडे पाहत राहतो.

तेव्हा मी तिशीच्या अलीकडे होतो. रियासतीच्या शाळेत उर्दूतून गणित आणि तवारीख, म्हणजे इतिहास, शिकवायची, घरी येऊन मराठीतून बायकोची बोलणी ऐकायची, असा माझा द्विभाषिक संसार होता. राहायला स्टेशनाकडच्या गल्लीत. डावीकडच्या घरात रूबेनराव थळकर. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, कोकणातले बेने इस्राएल. त्यांचे वाडवडील तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून कुलाब्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत. अख्ख्या नांदेडात यहुदी असे हे एकच घर. आणि समोरच्या घरात शांतवनराव, ख्रिस्ती मंडळीचे पाळक, मूळचे लातूरकडचे. माणसाचे नाव ठेवताना आईबापांनी एवढी आशा बाळगू नये हे त्यांच्याकडे पाहून मला पटले होते, कारण त्यांच्या तोंडून कुणाचे शांतवन, म्हणजे सांत्वन, झालेले मी फारसे पाहिले नाही. प्रवचनात ते शास्त्रातली भारदस्त मराठी बोलत. वादाला लागले की दोनच वाक्यांत लातूरच्या आडत बाजारात उतरत.

शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी. दुपार कलली की हे दोघे माझ्या ओट्यावर येऊन बसत आणि दानिएलाची वर्षे मोजू लागत.

ज्याला ही भानगड ठाऊक नाही त्याला थोडक्यात सांगतो; मला कुणी थोडक्यात सांगितली नव्हती. दानिएल नावाच्या जुन्या द्रष्ट्याच्या ग्रंथात सत्तर सप्तकांची एक मुदत आहे. एक सप्तक म्हणजे सात वर्षे, तेव्हा एकूण चारशे नव्वद. इथपर्यंत दोघांचे एकमत, आणि इथेच ते संपते. ही वर्षे मोजायला कुठून लागायचे? पाळक म्हणत, इराणच्या ज्या राजाने यरुशलेमची तटबंदी पुन्हा बांधायला परवानगी दिली त्याच्या फर्मानापासून. तिथून मोजत आले की मुदत नेमकी ख्रिस्तापाशी येऊन पोचते. रूबेनराव म्हणत, त्या तटबंदीच्या कितीतरी आधी, पहिले मंदिर पडले तिथून मोजा. मुदत संपते ती दुसरे मंदिर पडले तेव्हा, आणि मधे ज्या अभिषिक्ताचा, म्हणजे मशीहाचा, उल्लेख आहे तो तुमचा नव्हे, एक नाही, दोन आहेत, आणि त्यातला पहिला तर इराणचाच राजा. पाळक पहिली सात सप्तके आणि पुढची बासष्ट एका दोरीत ओवत; रूबेनराव ती दोरी दर शुक्रवारी तोडत. पाळकांचे वर्ष तीनशे साठ दिवसांचे. त्यावर रूबेनराव माझ्याकडे वळून विचारीत, "मास्तर, तीनशे साठ दिवसांत ह्यांनी अधिक महिना कुठं लपवला? आमच्यात दुसरा अदार येतो, तुमच्यात धोंड्याचा येतो. ह्यांच्यात येतो तो थेट मशीहाच."

"रूबेनराव, थट्टेनं खरं खोटं होत न्हाई," पाळक म्हणत. "मास्तर, बेरीज करा."

मी बेरीज करीत असे. हीच माझी भूमिका. मी त्रयस्थ, हिंदू, गणिताचा शिक्षक आणि तवारीखवाला, म्हणून दोघांनीही मला पंच नेमले होते. म्हणजे दोघांचा मार खायला मधे बसवले होते. मी पाटीवर आकडे मांडी, इराणी राजांची वर्षे लावून पाही, आणि कुणाच्याही बाजूने मांडली तरी दोन-चार राजे उरत किंवा कमी पडत. मी तसे सांगितले की त्या दोघांचे पुन्हा एकमत होई: मास्तरांचा इतिहास कच्चा आहे.

खरे तर आमच्या गल्लीत कुणाला कुठून मोजायचे याचे धडे देण्याची गरज नव्हती. शाळेच्या हजेरीवर मी फसली सन लिहीत असे, घरच्या पंचांगावर शक, पाळकांच्या भिंतीवर इसवी, मशिदीत हिजरी, आणि रूबेनरावांकडे जगाच्या उत्पत्तीपासून चालत आलेला एक प्रचंड आकडा. माझा दिवस सूर्योदयाला उजाडे, पाळकांचा मध्यरात्रीला, आणि रूबेनरावांचा आदल्या संध्याकाळी सूर्य बुडाला की. शिवाय त्या काळात खुद्द रियासतीची मुदत मोजणारे लोकही कमी नव्हते. कुणी कुणी तर पाळकांना हळूच विचारी, तुमच्या ग्रंथात मातीच्या पायांचा जो पुतळा आहे म्हणतात, त्याचे पाय अजून किती दिवस टिकतील. पाळक तेवढ्यापुरते मौन धरीत. एकूण ज्याला त्याला शेवट कधी याची घाई होती, आणि आरंभ कुठे याबद्दल कुणाचेच पटत नव्हते.

गल्लीत एकच व्यक्ती या मोजण्यात कधी पडली नाही, ती म्हणजे रूबेनरावांची बायको, राहेलबाई. तिची मोजणी वेगळी होती. दोन मुलींच्या पाठीवर तिला मुलगा झाला होता, मी त्या गल्लीत येण्याच्या आदल्या साली. तो सहाव्या दिवशी गेला. त्यांच्यात मुलाची सुंता आठव्या दिवशी होते आणि नाव त्याच वेळी ठेवतात, त्याआधी नाही. म्हणजे ते पोर बिननावाचेच गेले. माझ्या बायकोला तिने एकदा सांगितले होते, "वहिनी, रडायला बसलं तरी हाक काय मारू, हेच कळत नाही." हे बायकोने मला सांगितले तेव्हा मी पाटी पुसत होतो. पुसतच राहिलो.

आणि त्या पौषात राहेलबाई पुन्हा बाळंत व्हायची होती.

वेळ आली ती शुक्रवारीच, दुपारनंतर. पाळकांच्या पत्नी मार्थाबाई मिशनच्या दवाखान्यात सुईणपण शिकलेल्या. त्या आत गेल्या, माझी बायको आत गेली, मुलींना आमच्या स्वयंपाकघरात बसवले, आणि खिडक्या-दारे लावून घेऊन आम्हा तिघा पुरुषांना अंगणात हाकलण्यात आले. रूबेनराव फेऱ्या घालू लागले. पाळकांनी त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. रूबेनराव मान खाली घालून उभे राहिले, आणि शेवटी ज्या ख्रिस्ताच्या नावाने ती प्रार्थना संपवली गेली तेवढे नाव सोडून बाकीला आमेन म्हणाले. आतून येणारा आवाज ऐकवेना. तो ऐकू येऊ नये म्हणूनच असेल, पाळकांनी बगलेतले पुस्तक उघडले आणि म्हणाले, "मागल्या जुम्म्याला आपण बासष्टावर थांबलो होतो."

मी आजही शपथेवर सांगतो, हे दयेपोटी झाले. बुडत्या माणसापुढे काठी धरावी तसे त्यांनी दानिएलाला पुढे धरले, आणि रूबेनरावांनी ती काठी पकडली. पण पकडली की लगेच पाळकांच्या डोक्यात घातली. अर्ध्या घटकेत दोघेही पेटले. आज नेहमीची सभ्यता नव्हती. भीतीला वाट सापडली होती. एकजण इराणच्या राजाला सिंहासनावर बसवी, दुसरा त्याला खाली ओढी. मी पाटी घेऊन मधे उभा होतो आणि, खोटे कशाला बोलू, मलाही चेव चढला होता. तीनशे साठाचे वर्ष धरून मी पहिल्यांदाच एक पूर्ण मांडणी केली होती आणि ती कुणी ऐकायला तयार नव्हते. म्हणून मी त्या दोघांपेक्षा मोठ्याने ओरडू लागलो. रस्त्यावरून कापसाच्या गाड्यांची रांग चालली होती, धुळीचा पडदा छपरांच्या वर चढला होता, पश्चिम सगळी तांब्याच्या परातीसारखी झाली होती, आणि त्या परातीत सूर्य आहे की नुसती लाली, हे पाहायला आमच्यापैकी कुणाला सवड नव्हती.

दार उघडले. मार्थाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत ओले. म्हणाल्या, "मुलगा हाय. दोघं बी बरी हायेत. आता तरी गप बसा."

रूबेनराव एकदम खाली बसले. पाळकांनी त्यांना उठवून कडकडून मिठी मारली. मी पाटी फेकून दिली. त्या आनंदात काही क्षण गेले. किती, ते आता देवही सांगू शकणार नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. कारण रूबेनरावांनी डोळे पुसले, पश्चिमेकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाळकबुवा," ते म्हणाले, "बांग झाली का?"

मगरिबची बांग म्हणजे आमच्या गल्लीचे सूर्यास्ताचे घड्याळ. सूर्याची शेवटची कड बुडाली की मशिदीतून हाक येई आणि त्या हाकेवर हिंदूंच्या घरात तुळशीपाशी दिवा लागे, रूबेनरावांकडे शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू होई, आणि पाळकांची बकरी घरात घेतली जाई. ती बांग झाली होती यात शंका नव्हती. गल्लीच्या टोकाच्या मशिदीतून नमाजी लोक बाहेर पडत होते. पण ती मुलाच्या जन्माआधी झाली की नंतर? आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. तीन कमावलेले आवाज, त्यातला एक प्रवचनकाराचा, एक शाळामास्तराचा, एक मालधक्क्यावर हमालांना हाका मारणारा. खुद्द बांग देणाऱ्या मुअज्जिनाची त्यापुढे काय कथा.

"आम्ही आत होतो," माझी बायको दारातून म्हणाली. "आम्हाला ऐकू येत होतं ते एकच. बासष्ट, बासष्ट, बासष्ट."

मार्थाबाईंकडे घड्याळ होते. पण पोर आल्या आल्या रडले नव्हते. त्यांनी त्याला उलटे धरले, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडातून फुंकर घातली, मग ते रडले. मग नाळ, मग आईकडे बघणे, आणि घड्याळाकडे त्यांनी पाहिले ते हे सगळे आटोपल्यावर. "घड्याळ बघू का लेकराचा श्वास बघू?" त्या म्हणाल्या.

माझ्या वाचकांना वाटेल, पाच-दहा मिनिटांचा फरक, त्यात काय एवढे. मलाही तसेच वाटले होते. मग रूबेनरावांनी समजावून सांगितले आणि मी पुन्हा पाटी उचलली. मूल सूर्य असताना जन्मले असेल तर तो शुक्रवारच धरायचा, आणि आठवा दिवस पुढचा शुक्रवार. पुरता अंधार पडल्यावर जन्मले असेल तर शनिवार लागला, आणि सुंता पुढच्या शनिवारी. आठव्या दिवसाच्या सुंतेसाठी शब्बाथसुद्धा बाजूला सरतो. पण धड दिवस नाही, धड रात्र नाही अशा वेळी जन्मले असेल तर? तर शुक्रवारी करता येत नाही, कारण तो कदाचित सातवाच दिवस असेल. आणि शनिवारी करता येत नाही, कारण तो कदाचित नववा असेल, आणि नवव्यासाठी शब्बाथ मोडायची मुभा नाही. मग रविवार.

"सूर्य होता," पाळक ठामपणे म्हणाले. "मी पुस्तक वाचायलो होतो की. बारीक अक्षर हाय. उजेडाबिगर दिसलं असतं का?"

"मावळला होता," रूबेनराव म्हणाले. "मी शब्बाथची टोपी घातली होती. अंधार पडल्याशिवाय मी ती काढतच नाही पेटीतून."

आणि दोघेही माझ्याकडे वळले. मी काय पाहत होतो? मी पाटी पाहत होतो.

शनिवारी रूबेनराव प्रवास करीत नसत, म्हणून सकाळच्या मोटारीने लातूरला मी गेलो. सुंता करणारे हस्साजीकाका, रूबेनरावांचे दूरचे चुलते, तिथे मुलाकडे राहत. मुलगा छोट्या रेल्वेत फिटर होता. लोहा, अहमदपूर करत ती मोटार हाडे मोजत मोजत गेली. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती, कोवळ्या हुरड्याच्या आगट्यांचा धूर शेतांवर तरळत होता. इतक्या सुंदर सकाळी मी इतका वैतागलेला होतो की मला तो धूरही कुणाच्या तरी वादाचा वाटला. हस्साजीकाका गंजगोलाई बाजाराच्या मागच्या एका खोलीत, शेंगदाण्याच्या पेंडीच्या वासात, उन्हाला पाठ देऊन बसलेले सापडले. म्हातारा वाळक्या खारकेसारखा. मुलगा झाला म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि लगेच कामाचे विचारले.

"कधी?"

"काल. संध्याकाळी."

"संध्याकाळी म्हणजे? बांग आधी का पोर आधी?"

मी सांगितले. सगळेच सांगितले, लपवण्यासारखे काही उरले नव्हते. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले.

"तीन शहाणी माणसं अंगणात," ते शेवटी म्हणाले, "आणि करत काय होतात?"

"दानिएलाची वर्षं मोजत होतो."

"लागला का मेळ?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आमच्यातले जुने लोक सांगून गेले," म्हातारा म्हणाला, "शेवट कधी येणार ते मोजत बसू नका. आम्हांला वाटायचं, पाप लागतं म्हणून सांगितलं असेल. कालच्याला तुम्ही एवढे ओरडला नसतात तर एका म्हाताऱ्याला या थंडीत दोन दिवस जास्तीचं परमुलखात राहावं लागलं नसतं. खरं कारण हे असणार." आणि मग, थोड्या वेळाने, "शंका असेल तर रविवार. पण आधी त्या पाळकाला मी स्वतः विचारीन. ज्यानं पाहिलं त्याला विचारायला हवं."

बुधवारी ते नांदेडला आले. तोवर आमच्या गल्लीचा श्वास कोंडलेलाच होता. राहेलबाई पोराला क्षणभरही खाली ठेवीत नव्हती. सहावा दिवस आला. माझ्या बायकोने आपल्या रीतीप्रमाणे सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी उशाशी ठेवू का विचारले, तर ती म्हणाली, "ठेवा वहिनी. कुणाच्याही देवाला लिहू दे, फक्त लिहू दे." त्या दिवशी ती जेवली नाही. सहावा गेला. पण सहावा नेमका कोणता, हेही धड माहीत नसल्यामुळे तिने दोन दिवस सहावे म्हणून काढले. हे तिने कुणाला बोलून दाखवले नाही. तिच्या न जेवण्यावरून माझ्या बायकोने ओळखले, आणि त्या रात्री मला जेवायला वाढताना भाकरी ताटात जरा आपटूनच वाढली.

गुरुवारी दुपारी हस्साजीकाकांनी सगळ्यांना रूबेनरावांच्या ओसरीवर बोलावले. सुगंधी धूप जाळला होता, आणि अर्धापूरहून आलेला केळीचा घड कोपऱ्यात पिकत होता, मलिद्यासाठी. पडद्याआड राहेलबाई बसलेली. म्हाताऱ्याने आधी पुतण्याला विचारले. रूबेनरावांनी टोपीचे सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. म्हणाले, "काका, खरं सांगू? शास्त्राचं बोलायला लागलो की मी टोपी घालतो. त्या दिवशी शब्बाथ लागला म्हणून घातली का दानिएल निघाला म्हणून, आता आठवत नाही."

मग पाळकांची पाळी. ते तोंड उघडणार तोच पडद्याआडून आवाज आला. राहेलबाई परपुरुषांच्या बैठकीत कधी बोललेली आम्ही ऐकली नव्हती.

"पाळकबुवा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात सूर्य होता. तेवढंच पुन्हा म्हणा. उद्या होऊन जाऊ दे. माझ्याच्यानं अजून दोन दिवस निघायचे नाहीत."

मी मनात म्हटले, सुटलो. म्हणायला किती सोपे होते. ते आधीच म्हणून बसले होते, आणि आपले म्हणणे मागे घेतलेला शांतवन पाळक कुणी जन्मात पाहिला नव्हता. हजारो वर्षांपूर्वीच्या राजाचे फर्मान कोणत्या महिन्यात निघाले हे जो छातीवर हात ठेवून सांगे, त्याला सहा दिवसांपूर्वीचा सूर्य सांगायला काय लागते?

पाळकांनी पुस्तक मांडीवर ठेवले होते. ते त्यावर नुसताच हात फिरवीत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक न्हाई."

"अहो, तुम्ही वाचत होता ना," मी न राहवून म्हणालो. "बारीक अक्षर, उजेड..."

"वाचायलो होतो, मास्तर. पण ती ओळ मला पाठ हाय." त्यांचा आवाज खाली गेला होता. "लई वर्षांपासून पाठ हाय. अंधार असता तरी मी ती वाचलीच असती. डोळे पानावर होते एवढंच मला सांगता येतं. दिसत होतं का न्हाई, ते न्हाई सांगता येत."

पडद्याआडून एक बारीक, दाबून धरलेला हुंदका आला. म्हाताऱ्याने फक्त एक शब्द उच्चारला: "रविवार."

मी त्या माणसावर इतका संतापलो की निरोप न घेता घरी आलो. बायकोपुढे येरझाऱ्या घालत म्हणालो, जिथे अडून बसू नये तिथे जन्मभर अडून बसला, आणि आज, एका बाईचा जीव टांगणीला लागलेला असताना, याला प्रामाणिकपणा सुचला. बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आणि ते खोटं बोलले असते, आणि उद्या सातवाच दिवस असता, तर?" मग म्हणाली, "मला मात्र वाटत होतं, बोलावं खोटं." तिने सूप पुन्हा पाखडले. त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी अजून उभा आहे.

शुक्रवार गेला. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत पहिल्यांदाच कुणी बोलत नव्हते. धुळीचा पडदा तसाच चढला, कापसाचे तंतू तसेच केशरी झाले, आणि मी माझ्या ओट्यावर, रूबेनराव त्यांच्या दारात, पाळक त्यांच्या अंगणात बकरीचा दोर धरून, तिघेही कान देऊन उभे होतो. बांग झाली. इतकी स्वच्छ, इतकी सावकाश, की तिच्यातले प्रत्येक वळण वेगळे ऐकू यावे. अशी ती रोजच होत असणार. शनिवारीही ऐकली. माझी बायको दोन्ही रात्री राहेलबाईपाशी झोपली. झोपली म्हणजे बसली.

रविवारी सकाळी उपासना लवकर आटोपून पाळक आले, पण आत आले नाहीत. ओसरीच्या पायरीखाली, टोपी हातात घेऊन उभे राहिले. आत हस्साजीकाकांचे इब्री भाषेतले शब्द, मग एक तीक्ष्ण रडणे, या खेपेला सगळ्यांनी नीट ऐकलेले, आणि मग नाव. पोराचे नाव दानिएल ठेवावे असे रूबेनरावांनी सुचवून पाहिले होते. राहेलबाईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यानंतर तो विषय निघाला नाही. शालोम ठेवले. शालोम म्हणजे शांती, असे रूबेनरावांनी मला नंतर सांगितले. पाळकांच्या नावाशी त्याचे जवळचे नाते लागते हे मी मनात ठेवले.

मलिद्याचे ताट घरोघर गेले: पोहे, खोबरे, गूळ, अर्धापूरची केळी. पाळकांचे ताट राहेलबाईने स्वतः भरले आणि मुलीच्या हाती पाठवले. त्याबरोबर निरोप काही नव्हता. मार्थाबाई सांगत, पाळकांनी ताट बराच वेळ समोर ठेवून घेतले होते, आणि मग सगळे खाल्ले, गुळाचा कणसुद्धा ठेवला नाही. राहेलबाई पुढे त्यांच्याशी बोलली का, हे मला आठवत नाही. बोलली नसावी. मुलगा चालू लागल्यावर मात्र त्याला पाळकांच्या बकरीपाशी खेळायला सोडायची, एवढे मी पाहिले आहे.

पुढच्या शुक्रवारी दोघे पुन्हा माझ्या ओट्यावर. बासष्टावरूनच सुरुवात. मला हात जोडावेसे वाटले, कुणापुढे ते कळेना. काहीही बदलले नव्हते. राजे तसेच उरत होते, तसेच कमी पडत होते. फक्त ऊन तांबूस होऊ लागले की दोघांचाही आवाज आपोआप खाली येई, आणि बांगेच्या आधी काही क्षण दोघे, वाक्य जिथे असेल तिथे सोडून, पश्चिमेकडे पाहत गप्प होत. इराणचा राजा तोवर अर्धवट उठलेला, हात वर केलेला, तसाच थांबून राही. रूबेनरावांची बदली होईपर्यंत हे चालले.

आता ओटा दुसरा, गल्ली दुसरी. जिनिंगकडे ट्रक जातात. धूळ मात्र तीच. दिवेलागणीला मी बाहेर येऊन बसतो आणि एकदा तरी तो क्षण पकडावा म्हणून पाहतो, सूर्याची कड असते आणि मग नसते, तो नेमका. रोज वाटते, आता. आणि 'आता' म्हणेपर्यंत तो होऊन गेलेला असतो, किंवा अजून व्हायचा असतो. मग मला त्या रविवारची सकाळ आठवते. पडद्याआड राहेलबाई एकटीच, कुणी ऐकत नाही असे समजून, पोराला नव्या नावाने पुन्हा पुन्हा हाक मारीत होती. शालोम. शालोम. मधे थोडी थांबायची. त्या थांबण्यात तिच्या ओठांवर दुसरे कुणाचे नाव येऊ पाहत होते का, ज्याला नावच नव्हते, ते मला कळले नाही.

"बाबा," आतून लेक विचारते, "मावळला का?"

मी म्हणतो, "थांब जरा. बघतोय."